रोलर चढत नाही: तेल कमी मिळतंय की आत गळतंय?

रस्त्याच्या कामावर मुरूम दाबणारा एका ड्रमचा रोलर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पुढे लोखंडी ड्रम, मागे दोन मोठे टायर. ड्रमलाही ड्राइव्ह असलेल्या रोलरमध्ये इंजिन एक हायड्रॉलिक पंप फिरवतं. त्या पंपाचं तेल होजमधून दोन वाटांनी जातं. एक वाट मागच्या ॲक्सलच्या मोटरकडे, दुसरी ड्रमच्या मोटरकडे. मधे क्लच नाही, टायर आणि ड्रम यांना जोडणारा शाफ्टही नाही. म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह, पण सगळी तेलाची. बिघडला की ऑपरेटरची तक्रार ठरलेली असते: "सपाटीला चालतो, चढाला दम सोडतो."

मिस्त्री येतो, गेज लावतो, चार्ज प्रेशर, म्हणजे झिरपलेलं तेल परत भरणाऱ्या छोट्या पंपाचा दाब, कमी दिसतं. बहुतेक वेळा लगेच निकाल लागतो, "पंप गेला." इथेच घाई होते, कारण सुई खाली येण्याची कारणं दोन आहेत आणि दोन्हींचा खर्च अगदी वेगळा आहे.

या ड्राइव्हमध्ये तेल पंपाकडून मोटरकडे आणि मोटरकडून थेट पुन्हा पंपाकडे फिरत राहतं, प्रत्येक फेरीत टाकीत जात नाही. पिस्टन आणि प्लेट यांच्या बारीक फटींतून मात्र थोडं तेल सतत झिरपतं आणि केस ड्रेनच्या होजने टाकीत परततं. हे झिरपणं दोष नव्हे, त्यानेच आतले भाग वंगणात राहतात. जेवढं झिरपलं तेवढं परत भरायला एक छोटा चार्ज पंप असतो. मुख्य लाइनमध्ये 350 ते 400 बारपर्यंत दाब चढतो, चार्जचा दाब साधारण 20 ते 30 बार. नेमका आकडा मशीनच्या पुस्तकातूनच घ्यावा.

म्हणजे हिशेब गच्चीवरच्या टाकीसारखा. पातळी उतरली तर एकतर खालून पाणी कमी चढतंय, नाहीतर कुठलातरी नळ गळतोय. पातळी बघून यातलं काहीच कळत नाही.

कळतं ते न्यूट्रलमध्ये. गेज लावताना तो 60 बारच्या आसपासचा घ्या. मुख्य दाबाचा 600 बारचा गेज चार्जच्या पोर्टवर लावला तर 14 आणि 22 यातला फरक सुईच्या जाडीत हरवतो, आणि मग वाद सुरू होतात. तेल गरम होऊ द्या, इंजिन पूर्ण आरपीएमला न्या, लिव्हर न्यूट्रलला ठेवा. इथेच दाब कमी असेल तर दोष पुरवठ्याकडे शोधायचा: तुंबलेला सक्शन (टाकीतून तेल ओढणाऱ्या बाजूचा) फिल्टर, आतून थर सुटून चिकटलेला सक्शन होज, कचरा अडकून उघडा राहिलेला चार्ज रिलीफ (जादा दाब सोडणारा) व्हॉल्व्ह, आणि या सगळ्यांनंतर चार्ज पंप. काही रोलरांत स्टिअरिंगकडून परतणारं तेलच चार्जला जातं, तिथे स्टिअरिंगचा पंपही तपासा. न्यूट्रलला दाब ठीक, पण लोड आला की सुई घसरते, असं असेल तर चार्ज पंपाला हात लावू नका. तो पुरेसं देतोय. मुख्य पंपात किंवा एखाद्या मोटरमध्ये ते पळतंय.

ऑपरेटरला एक प्रश्न विचारला तरी अर्धा अंदाज येतो: त्रास सकाळी जास्त की दुपारी? व्हीजी 68 या ग्रेडच्या तेलाचा दाटपणा 40 अंशांना 68 सेंटिस्टोक असतो, 100 अंशांना साडेआठच्या आसपास उरतो. सकाळी जाड तेल तुंबलेल्या फिल्टरमधून ओढलं जात नाही, पंप किंचाळतो, आणि गरम झाल्यावर गाडी जरा सुधारते. झिजलेल्या मोटरचं उलटं. सकाळी ती ठणठणीत, जेवणाच्या सुट्टीनंतर तेल पातळ झालं की फटींतून धो-धो वाहतं. फसवणारा अपवाद एकच: झिजलेला चार्ज पंपही गरम झाल्यावरच हात टेकतो. म्हणून न्यूट्रलची चाचणी गरम तेलावर.

गळती ठरली की कुणाची, हे शोधायचं. पुस्तकात दिलेल्या पद्धतीने गाडी ब्रेकवर रोखून, काही सेकंदच लोड देऊन, प्रत्येकाचा केस ड्रेन खुणा केलेल्या डब्यात वेगळा सोडा आणि मोजा. ज्याचं तेल मर्यादेबाहेर, तो दोषी. फिल्टर कापून पाहिला तर पितळी चकचकीत कण अनेकदा आधीच साक्ष देतात. ड्रेन मोजणं जमत नसेल तर इंजिन बंद करून, दाब पूर्ण उतरवून, ड्रमच्या मोटरकडे जाणाऱ्या दोन्ही लाइन हाय प्रेशरच्या कॅपने बंद करा आणि लोड देऊन बघा. चार्ज सावरला तर ड्रमची मोटर. गळती हाताने चाचपण्याचा मोह मात्र टाळा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली दाबाची धार कातडीखाली तेल घुसवते आणि त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. हाताऐवजी पुठ्ठा फिरवा.

दोन गोष्टी गळतीचं सोंग आणतात. पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि बऱ्याच रोलरांत चार्जच्या दाबाने सुटतो. चार्ज घसरला की तो अर्धवट सुटतो आणि घासत राहतो. गाडी जड चालते, ॲक्सल तापतो, आणि बिचारी चांगली मोटर उतरवली जाते. दुसरी गंमत चिखलातली. दोन्ही मोटरी समांतर असल्यामुळे तेल कमी अडथळ्याकडे धावतं. मागचे टायर घसरले की सगळं तिकडेच जातं आणि ड्रम उभा राहतो. जाणकारसुद्धा तेव्हा "ड्रमची मोटर गेली" म्हणतात. कोरड्या मुरमावर आणून पाहा.

त्रास फक्त पुढे जाताना असेल, मागे जाताना नसेल, तर चार्जचा पुरवठा बहुधा निर्दोष असतो, कारण तो दोन्ही दिशांना एकच आहे. पंपावरचे पुढचा आणि मागचा हे दोन मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह सारखे असतील तर अदलाबदल करून बघा. दुखणं मागच्या दिशेला गेलं, तर व्हॉल्व्ह बदला आणि पंप जागेवर राहू द्या.