मोड राहू द्या, श्वास केवढा ते विचारा

कोरोनाने नाशिककरांना आधी ऑक्सिमीटर शिकवला, मग एचआरसीटीचा स्कोअर. आता आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक व्हेंटिलेटरचा मोड, म्हणजे यंत्राने श्वास देण्याची पद्धत, थेट विचारतात, "व्हॉल्यूमवर ठेवलंय की प्रेशरवर? मुंबईला म्हणे याहून भारी मोड असतो." हा 'भारी मोड' जरा तपासून बघू.

एआरडीएस या व्हेंटिलेटर लागणाऱ्या गंभीर आजारात न्यूमोनिया, सेप्सिस (संसर्गाने सगळ्या शरीराची होणारी बिघाडी) अशा कारणांनी फुफ्फुसांना तीव्र सूज येते. बारीक रक्तवाहिन्या झिरपतात आणि हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं. द्राक्षाच्या घडातले बहुतेक मणी पाण्याने भरलेले आणि थोडेच हवेला मोकळे, असं समजा. इटलीच्या लुचानो गॅटिनोनींना सीटी स्कॅनवर दिसलं की गंभीर रुग्णात कामाचा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढाच उरतो. म्हणून नाव पडलं 'बेबी लंग'. त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबला की उरलेला चांगला भागही जखमी होतो.

व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये हवा किती जायची ते डॉक्टर ठरवतात आणि दाब किती लागायचा ते फुफ्फुस. प्रेशर कंट्रोलमध्ये बरोबर उलटं. श्वास सोडल्यावर पिशव्या मिटू नयेत म्हणून थोडा दाब कायम ठेवतात, तो पीप. समजा पीप 10 आहे आणि 400 मिली हवेला त्याच्या वर 16 लागतो, एकूण 26 सेंटिमीटर पाणी (हे दाब मोजायचं एकक). रात्रीतून फुफ्फुस कडक झालं. एक सेंटिमीटर दाबाला 25 मिली जायची, आता 20 च जाते. व्हॉल्यूम मोडमध्ये हवा 400 च राहील, पण दाब 30 वर, म्हणजे नेमका धोक्याच्या रेषेवर. प्रेशर मोडमध्ये दाब 26 च, हवा मात्र 320 वर येईल आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचेल. उलट रुग्ण स्वतः जोरात श्वास ओढू लागला, तर हाच मोड 400 च्या जागी 550 सुद्धा देऊन बसेल, आणि पडद्यावरचा दाब तसाच! एकात दाबावर डोळा ठेवायचा, दुसऱ्यात हवेवर, एवढाच काय तो फरक. दोन्हींपैकी एकाने जास्त जीव वाचतात, असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही.

जीव वाचले ते श्वास लहान केल्याने. अमेरिकेत 861 रुग्णांच्या चाचणीत (2000) किलोमागे 12 मिलीच्या गटात 39.8 टक्के दगावले, 6 मिलीच्या गटात 31 टक्के. हे किलो वजनकाट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. 170 सेंटिमीटर उंचीचा पुरुष 95 किलोचा असला तरी हिशेबाला 66 च धरायचे, म्हणजे श्वास साधारण 400 मिलीचा. एवढ्या महागड्या यंत्राशेजारी म्हणूनच शिंप्याची टेप लागते.

आणि 'भारी' मोड? सेकंदाला अनेक वेळा हवा थरथरवणाऱ्या ऑसिलेटरवर मोठी आशा होती. 2013 मध्ये त्याची एक चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण त्या गटात मृत्यू जास्त होते. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढवणाऱ्यांना आपण हसतो. यंत्राच्या किमतीवरून गुण ठरवणं त्याच जातीचं.

त्याच वर्षी फ्रान्स-स्पेनमधल्या चाचणीत गंभीर रुग्णांना रोज सलग किमान 16 तास पालथं झोपवलं. 28 दिवसांतले मृत्यू 32.8 टक्क्यांवरून 16 वर आले. त्याला नवं यंत्र लागत नाही, चार-पाच जाणती माणसं लागतात, आणि त्यातल्या एकाने फक्त डोकं आणि श्वासाची नळी धरायची.