सोसायटीच्या ठरावातला ‘चॉकलेटी’

ठाण्यात किंवा नवी मुंबईत इमारतीचे रंगकाम निघाले की सर्वसाधारण सभेत एक विषय हमखास येतो: सगळ्या फ्लॅटच्या मुख्य दारांना बाहेरून एकच रंग द्यायचा का? वाद आवडीनिवडीचा वाटतो, पण त्याचे मूळ दार कशाचे आहे यात आहे. लाकूड बदलत गेले तसा इथल्या दारांचा रंगही बदलत गेला.

जुन्या ठाण्यातल्या वाड्यांची दारे सागवानी होती. त्यांना रंग नसे, तेलपाणी असे. जवसाचे तेल चिंधीने चोळायचे, मुरू द्यायचे आणि वर राहिलेले पुसून घ्यायचे. तेल दरवर्षी थोडे काळवंडते, आणि आज आपण ज्याला ‘लाकडी रंग’ म्हणतो तो बराचसा या साचलेल्या तेलाचाच. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत ठळक निळा-हिरवा ऑइलपेंट आला तो नंतर.

१९७० मध्ये नवी मुंबई हे नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वाशी, नेरूळ, बेलापूर आणि खाडीच्या या बाजूला ठाण्यात तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्यासोबत फ्लश डोअर घरोघर पोचले: आत पट्ट्यांचा गाभा, दोन्ही अंगांना प्लाय, जाडी साधारण ३० ते ३५ मिलिमीटर. या प्लायला लाकडाच्या दाखवण्याजोग्या रेषा नव्हत्या, म्हणून तो झाकायचा. गुलाबी वुड प्रायमरचे अस्तर, लांबी (पुट्टी), पॉलिशपेपर आणि वर ऑइलपेंटचे दोन हात. डबा बहुतेक वेळा डार्क ब्राउनचा असे.

त्याला कारणे होती. तपकिरी रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. तो खालचे सगळे झाकतो, उन्हाने विटत नाही आणि दोन हातांत काम संपवतो. पिवळ्याला किंवा भडक लालला अनेकदा तिसरा हात लागतो. कडीजवळचे हाताचे डाग तपकिरीवर दिसत नाहीत. पांढरा आणि क्रीम रंग अंधाऱ्या जिन्यात टिकत नाहीत हेही लोकांनी अनुभवाने ओळखले. तेलाच्या इनॅमलमधला पांढरा उजेड न मिळाल्यास पिवळा पडतो, आणि तोच थर फिक्या निळ्यावर आला की निळा हिरवट दिसू लागतो. ‘चॉकलेटी’ हा शब्द रूढ झाला तो या काळात.

हाच शब्द ठरावात आला की खरी गुंतागुंत सुरू होते. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. तिच्यात जिना आहे, बाहेरच्या भिंती आहेत, गच्ची आहे. फ्लॅटचे दार नाही. यादीत नाही ते सभासदाने करायचे. म्हणजे दाराचा खर्च सभासदाचा. पण दाराची बाहेरची बाजू जिन्यात उघडते आणि जिना सगळ्यांचा. या फटीतून ठराव येतो: ‘सर्व सभासदांनी मुख्य दरवाजा बाहेरून चॉकलेटी ठेवावा.’ एकसारखेपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही. नुकत्याच रंगवलेल्या जिन्यात आठ दारे आठ रंगांची असली की डोळ्याला खुपते. तरीही असे ठराव क्वचितच टिकतात, कारण एकाच मजल्यावर आज तीन प्रकारची दारे असतात: जुने ऑइलपेंटचे फ्लश डोअर, व्हिनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून पॉलिश केलेले, आणि सनमायका चढवलेले. या तिघांवर एकच डबा चालत नाही.

रंगकामाच्या कंत्राटात दारे ‘जादा काम’ म्हणून घुसवली जातात आणि तिन्हींवर सरसकट एकच हात फिरतो. ऑइलपेंटवर तो बसतो. मेण असलेल्या पॉलिशवर तो पकड घेत नाही. सनमायकावर वर्षभरात कडीपासून सुरुवात होऊन पापुद्रे सुटतात. सनमायका रंगवायचाच असेल तर आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, मग २२० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण मारावी, पकड देणारा खास प्रायमर लावावा, आणि तो पक्का वाळल्यावरच इनॅमल. खात्री हवी असेल तर कोपऱ्यात ब्लेडने बारीक जाळी ओढावी, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. पट्टीला रंग आला तर पुढे जाऊ नये.

शिवाय ‘चॉकलेटी’ म्हणजे नेमका कोणता? एका कंपनीचा डार्क ब्राउन दुसरीच्या डार्क ब्राउनपेक्षा लालसर निघतो. पॉलिशवाल्यासाठी तो अक्रोडी असतो, सनमायकाच्या दुकानात वेंगे. तयार रंगांसाठी आयएस ५ ही भारतीय मानक यादी आहे. तिच्यात प्रत्येक छटेला क्रमांक आहे, उदाहरणार्थ स्मोक ग्रे ६९२. ठरावात नावाऐवजी क्रमांक, चमक ग्लॉस की सॅटिन, आणि सनमायकाच्या दारांना सूट, एवढे लिहिले तर निम्मी भांडणे होणार नाहीत. आमच्या मते चौकटीचा रंग सोसायटीने ठरवावा आणि फळी सभासदावर सोडावी. जिना एकसंध दिसायला चौकट पुरते.

जुना रंग काढताना मात्र हयगय नको. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या रंगांत लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य असण्याची शक्यता मोठी. वरून चॉकलेटी दिसणाऱ्या दाराखाली असा जुना हिरवा थर दडलेला असू शकतो. म्हणून घरात लहान मूल असेल तर कोरडे घासणे बंद. वॉटरपेपर आणि पाणी वापरावे, खाली प्लास्टिक अंथरावे, धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी.

घोडबंदर रोडला किंवा खारघरला आता ताबाच सनमायका लावलेल्या दारासह मिळतो. तिथे रंगाची निवड कॅटलॉगच्या पानावर होते आणि चूकही तिथेच. दुकानातला उजेड आणि पॅसेजमधली पांढरीफटक एलईडी ट्यूब यांत आमसुली किंवा मरून एकसारखे दिसत नाहीत. पॅसेजमध्ये ते काळपट पडतात. तुकडा घरी आणून कडीच्या उंचीवर, रात्री ट्यूब लावून पाहावा. रंग असेल तर छोटा डबा घेऊन कागदाएवढा ठिपका मारावा. सात बाय तीन फुटांच्या दाराची बाहेरची बाजू आणि चौकट यांना दोन हातांसाठी अर्धा लिटर इनॅमल पुरतो.

गणपतीआधीच्या घाईत ऑइलपेंटचे काम काढणे हे नेहमीचे दुखणे. खाडीच्या दमट हवेत तो वरून सुकल्यासारखा वाटतो, आतून ओला राहतो. रात्री दार लावले की चौकटीला चिकटते आणि सकाळी कडेचा रंग सोलून येतो. पावसात फुगलेल्या दाराची खालची कड रंधून तशीच उघडी ठेवली जाते, तिथून पुढच्या वर्षी पाणी शिरते. दार उतरवून त्या कडेलाही अस्तर आणि दोन हात द्यावेत, आणि काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर काढावे. तोरण दुहेरी चिकटपट्टीवर न लावता चौकटीच्या वरच्या कडेला दोन बारीक खिळे ठोकावेत. पट्टी निघताना नव्या रंगाचा तुकडा घेऊनच निघते.