चाप ओढला कोणी?

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. टेक्सासमधल्या मामेभावाचा शनिवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शुक्रवारी रात्री, फोन आला. ऑफिसातल्या दोघांबरोबर तो शूटिंग रेंजवर गेला होता आणि तिथे त्या दोघांची चांगलीच जुंपली. दोघेही बंदूकवाले. एक दर हंगामात हरणाच्या शिकारीला जाणारा, दुसऱ्याच्या कपाटात दोन एआर-१५ रायफली. भांडण कशावरून? तर रायफलीच्या मागे लावायच्या प्लास्टिकच्या एका दस्त्यावरून. त्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बंप स्टॉक' नावाचा, साध्या रायफलीतून धडाधड गोळ्या झाडू देणारा हा दस्ता म्हणजे मशीनगन नव्हे, असा निकाल दिला होता. शिकारी म्हणाला, "खुळखुळा आहे नुसता, बंदी हवीच." दुसरा म्हणाला, "आज हा दस्ता, उद्या माझी रायफल."

अमेरिकेतले बंदूकवाले म्हणजे सगळे एका माळेचे मणी, अशी तोवर माझी समजूत होती. आपल्याकडच्या बातम्याही त्याला हातभार लावतात. तिकडे गोळीबार झाला की इकडे सरसकट 'स्वयंचलित रायफल' छापून येतं. 'एआर' म्हणजे 'असॉल्ट रायफल' असं तर चांगले शिकलेले लोकही सांगतात. ते मुळात आर्मालाइट या कंपनीच्या नावातून आलंय. दुकानात मिळणारी एआर-१५ अर्धस्वयंचलित असते. गोळी उडाली की पुढचं काडतूस ती स्वतः भरते, पण पुढची गोळी झाडायला चाप सोडून पुन्हा ओढावाच लागतो. लष्कराची एम-१६ मात्र चाप दाबून धरला की मिनिटाला ७०० च्या वर वेगाने बरसत राहते. हा फरक कायद्यातही आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार चापाच्या एकाच क्रियेने, हाताने पुन्हा न भरता, आपोआप एकापेक्षा जास्त गोळ्या झाडते ती मशीनगन. १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला बाळगताच येत नाही.

आता 'चापाची एक क्रिया' म्हणजे काय? सगळी मेख इथे आहे, आणि मला खरी गोडीही इथेच. त्यामुळे थोडं आत शिरू.

कॉलेजात एनसीसीला आम्हाला पॉइंट टू-टू रायफल असायची. पालथं पडून नेम धरला की उस्ताद मागून ओरडायचे, "साँस रोको! फर्स्ट पुल... सेकंड पुल!" पहिल्या ओढीत चाप नुसता सैल सरकतो, दुसऱ्या ओढीत बोटाला अडथळा लागतो आणि मग फाट्कन गोळी सुटते. तो अडथळा म्हणजे आत एकमेकांत अडकलेले दोन खाचे. घोडा मागे ओढलेला असतो, त्याची स्प्रिंग ताणलेली असते, आणि चापाच्या टोकाने तो धरून ठेवलेला असतो. (मुंबईत 'घोडा' म्हणजे अख्खं पिस्तूल. इथे फक्त आतली हातोडी.) चाप ओढला की टोक खाली जातं, घोडा सुटून पुढे आपटतो, पिन काडतुसाच्या बुडावर बसते आणि दारू पेटते.

एआर-१५ मध्ये इथून पुढे गंमत सुरू होते. गोळी नळीतून बाहेर पडता पडता तिच्या मागचा थोडा गॅस एका भोकातून वळवून मागे आणलेला असतो. तो नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टला मागे ढकलतो. बोल्ट रिकामं काडतूस बाहेर फेकतो, जाता जाता घोड्याला पुन्हा मागे पाडतो आणि येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस नळीत सारतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. तोवर तुमचं बोट चापावर दाबलेलंच असतं. म्हणजे चापाचं टोक खाली आहे, घोड्याला धरायला कोणी नाही. मग घोडा बोल्टच्या मागोमाग पुढे का जात नाही?

कारण चापावरच बसलेला डिस्कनेक्टर नावाचा एक छोटा आकडा त्याला मधल्या मध्ये पकडतो. तुम्ही चाप सोडलात की आकडा घोडा सोडतो आणि त्याच क्षणी चापाचं टोक त्याला धरतं. या हातातून त्या हातात. बोटाला तेव्हा बारीकशी 'टिक' जाणवते. ती टिक झाली की बंदूक पुढच्या गोळीला तयार. एम-१६ मध्ये एकेक गोळी की सलग, हे निवडायचा खटका सलगवर फिरवला की हा आकडा बाजूला होतो आणि दुसरा एक खटका बोल्ट पूर्ण बंद झाला की घोडा आपणहून सोडतो. नागरी आणि लष्करी रायफलीतला मुख्य फरक म्हणजे हे अंगठ्याएवढे दोन-चार तुकडे.

बंप स्टॉक या तुकड्यांना हातच लावत नाही. तो वापरतो न्यूटनचा तिसरा नियम. साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने निघते, म्हणजे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) साधारण साडेतीन किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तिच्यामागून सुटणाऱ्या गॅसचे आणखी दोन धरा. साडेतीन किलोची रायफल म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेगाने मागे येते. एरवी हा धक्का खांदा खातो. बंप स्टॉकमध्ये दस्ता खांद्याला टेकलेला राहतो आणि रायफल त्याच्या आत मागे-पुढे घसरते. बोट दस्त्यावरच्या छोट्या कठड्यावर टेकवून स्थिर ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने नळीकडचा भाग सतत पुढे रेटायचा. गोळी सुटते, रायफल मागे येते, चाप बोटापासून सुटतो, टिक होते. पुढच्या हाताचा रेटा रायफल परत पुढे नेतो, चाप बोटावर येऊन आपटतो, पुढची गोळी.

ढोबळ गणित करायचं तर घर्षण आणि खांद्याला बसणारा धक्का सोडून द्या. साडेपाचचा संवेग आधी शून्यावर आणायचा आणि तेवढाच उलट दिशेने द्यायचा, म्हणजे बदल अकराचा. हा बदल सेकंदाच्या दहाव्या भागात व्हायला ११० न्यूटन बल लागतं. अकरा किलोचं पोतं उचलायला लागतो तेवढा जोर! दहावा भाग म्हणजे मिनिटाला ६००. न्यायालयापुढचा आकडाही ४०० ते ८०० चा होता. जोर कमी पडला तर लय मंदावते, जास्त झाला तर रायफल पुरती मागेच येत नाही आणि टिक होत नाही.

(याच गणिताने सिनेमाचाही निकाल लागतो. गोळी लागलेला खलनायक दहा फूट उडून काचेतून बाहेर पडतो ना? साडेतीनचा संवेग सत्तर किलोच्या माणसाला मिळाला तर त्याचा वेग सेकंदाला पाच सेंटीमीटर. झुरळ याहून जोरात पळतं.)

आपल्या स्वयंपाकघरातला दाखला देतो. सुरीने कांदा चिरताना सुरी हलते, विळीवर चिरताना कांदा हलतो आणि पातं जागच्या जागी. बंप स्टॉक ही गोळीबाराची विळी. बोट स्थिर, चाप त्याच्यावर येऊन आपटतो. आता विळीवर कांदा कापला कोणी, हाताने की पात्याने?

१ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून एका माणसाने खालच्या संगीत महोत्सवावर हजाराहून जास्त गोळ्या झाडल्या. त्याच्या काही रायफलींना बंप स्टॉक होते. मृतांचा आकडा शेवटी ६० वर गेला. त्याआधी अनेक वर्षं सरकारी शस्त्रविभाग, एटीएफ, स्प्रिंग नसलेले बंप स्टॉक मशीनगन नाहीत असंच लेखी कळवत होता. स्प्रिंगच्या जोरावर पुढे येणाऱ्या आधीच्या एका उपकरणाला मात्र त्यांनी २००६ मध्ये मशीनगन ठरवलं होतं. म्हणजे रेटा स्प्रिंगचा असेल तर यंत्र, हाताचा असेल तर माणूस! लास व्हेगासनंतर, ट्रम्प सरकारच्या काळात, नियम बदलला आणि मार्च २०१९ पासून बंदी आली. ऑस्टिनमधले बंदुकीचे दुकानदार मायकेल कारगिल यांनी आपले दोन बंप स्टॉक जमा केले आणि सरकारवर खटला भरला.

१४ जून २०२४ ला ६ विरुद्ध ३ मतांनी ते जिंकले. न्यायमूर्ती थॉमस यांनी निकालपत्रात चाप, घोडा आणि आकड्याच्या आकृत्याच छापल्या. दर गोळीला चाप सुटतो आणि पुन्हा दबतो, म्हणून क्रिया एक नाही, अनेक. शिवाय हाताचा रेटा लागतो, म्हणून 'आपोआप' नाही. विरोधी मतात न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी बदकाची गोष्ट सांगितली: बदकासारखं चालणारं, पोहणारं, ओरडणारं पाखरू दिसलं तर मी त्याला बदकच म्हणते. यंत्रशास्त्र म्हणून मला थॉमस यांची आकृती बिनचूक वाटते. पण हात नुसता रेटून धरायचा आणि मिनिटाला सहाशे गोळ्या सुटायच्या, याला 'आपोआप नाही' म्हणणं मला पटत नाही.

बंदूकवाल्यांतली फूटही इथेच दिसते. बंदुकीच्या हक्कांची सगळ्यात बलाढ्य संघटना एनआरएने लास व्हेगासनंतर चार दिवसांतच अशा उपकरणांवर जादा नियम हवेत, असं म्हटलं. गन ओनर्स ऑफ अमेरिका ही तिच्याहून कडवी संघटना बंदीविरुद्ध कोर्टात गेली. प्यू संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत खासगी विक्रीतही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासावी, याला ७७ टक्के बंदूकधारकांचा पाठिंबा होता. लष्करी धाटणीच्या रायफलींवरील बंदीला मात्र ४८ टक्क्यांचाच. ते काही एका सुरात बोलत नाहीत.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातली व्याख्या वेगळी आहे. चापावर दाब दिला की तो काढेपर्यंत किंवा मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात, ते निषिद्ध शस्त्र. कोकणात पिकं राखायला परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला, जो निवडणूक आली की ती मुकाट पोलीस ठाण्यात जमा करून येतो, हा प्रश्न कधी पडणार नाही. पण बंप स्टॉकमध्ये दर गोळीला चापावरचा दाब सुटतोच की! आपल्या व्याख्येतही तीच फट आहे, असं मला वाटतं. अर्थ लावणं न्यायालयाचं काम.

तिकडे पुढचं यंत्र आलंसुद्धा. 'फोर्स्ड रीसेट ट्रिगर' मध्ये मागे येणारा बोल्टच चापाला जोराने पुढे ढकलतो, टिक बोटाऐवजी रायफलच करते. मे २०२५ मध्ये सरकारने त्याच्या उत्पादकाबरोबरचे खटले तडजोडीने मिटवले; पिस्तुलासाठी तो बनवायचा नाही, ही एक अट. मामेभाऊ सांगतो, एआर-१५ वाल्याने तो बसवून रेंजवर आणला होता. शिकाऱ्यालाही मोह आवरला नाही. त्याने दोन मॅगझिन संपवली, लक्ष्याचा कागद जवळ ओढून पाहिला. बहुतेक भोकं कागदाच्या कडेला होती. रायफल परत देत तो म्हणाला, "माझं हरण एवढा वेळ थांबणार नाही."