शेक घेतलेल्या आजीजवळ नातवंडांनी जायचं नाही?

सोलापुरात कुणा बाईला कॅन्सरचा शेक, म्हणजे रेडिएशनचे उपचार, सुरू झाला, की घरात तिचं ताट-तांब्या वेगळं होतं. अंगातून किरणं बाहेर पडतात म्हणे! साफ चूक. बाहेरून दिलेला शेक थांबला की अंगात किरणं उरत नाहीत. शेक देताना टेक्निशियन दार लावून बाहेर जातो, कारण त्याला रोज कितीतरी पेशंट करायचे असतात आणि दरवेळी आत थांबला तर किरणं त्याच्याही अंगावर येत राहतील. आजीनं नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. फक्त शेकासाठी अंगावर काढलेल्या शाईच्या खुणा पुसू नयेत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल, तर मात्र काही दिवस अंतर ठेवावं लागतं. शंका शेजारच्या काकूंना कशाला? एमबीबीएसनंतर ३ वर्षं याच विषयात एमडी केलेले डॉक्टर शेक चालू असताना अधूनमधून तपासतातच, त्यांनाच विचारा.