झाडांना पालवी फुटण्याआधी

आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात जंगलात गेलं की मान आपोआप वर जाते. पळस, पांगारा, काटेसावर यांची पानं गळालेली असतात आणि उघड्या फांद्यांवर फुलं पेटलेली असतात. पायाखाली पाचोळा आणि धूळ. एप्रिलच्या मध्याला लेकीकडे व्हर्जिनियात होते, तेव्हा तिने मला पोटोमॅक नदीकाठी फिरायला नेलं. सवयीने मी वर बघत चालले होते. वर राखाडी काटक्यांशिवाय काही नव्हतं.

“आई, खाली बघ,” ती म्हणाली.

खाली जमीन निळी होती. एखाद-दुसरा ताटवा नव्हे, नदीच्या पाण्यापासून चढ सुरू होईपर्यंत सगळी निळी. हे रिव्हरबेंड पार्क, वॉशिंग्टनच्या वरच्या अंगाला, ग्रेट फॉल्स नावाच्या धबधब्याच्याही थोडं वर. नदीला पूर आला की पाणी या सपाट पट्ट्यात शिरतं आणि पोयटा सोडून जातं. त्या पोयट्यात सिकॅमोरची पांढऱ्या सालीची झाडं उभी आहेत, थेट आपल्या कांडोळाची आठवण करून देणारी. आणि त्यांच्या पायाशी व्हर्जिनिया ब्लूबेल.

ब्लूबेल आपल्या भोकराच्या कुळातली. तिची कळी गुलाबी असते आणि फूल निळं, त्यामुळे एकाच घोसात दोन्ही रंग दिसतात. रंगद्रव्य बदलत नाही, पाकळीच्या पेशींतली आम्लता बदलते. कळी उमलताना ती कमी होते आणि अँथोसायनिन हे रंगद्रव्य गुलाबीचं निळं होतं. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे ज्यांनी घरी केलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथलं द्रव्य वेगळं, पण आम्ल-अल्कलीचा खेळ तोच.

आता मुख्य प्रश्न. एवढी घाई कशासाठी? ब्लूबेलची पानं मार्चमध्येच वर येतात, रात्री पाणी गोठत असताना. एप्रिलमध्ये फुलं, मेमध्ये बी, आणि जूनच्या सुरुवातीला जमिनीवर मागमूसही राहत नाही. उरलेले नऊ-दहा महिने सगळा संसार जमिनीखाली.

उत्तर मी जिकडे व्यर्थ बघत होते तिकडेच होतं, वरच्या राखाडी काटक्यांत. झाडं निष्पर्ण असतात तोवर निम्म्याहून जास्त ऊन जमिनीपर्यंत पोचतं. मेच्या मध्यावर पालवी पूर्ण भरली की जेमतेम काही टक्के. म्हणजे माती थोडी ऊबदार होणं आणि झाडांनी छत्री उघडणं, यांच्यामधल्या पाच-सहा आठवड्यांत वर्षभराची कमाई करायची. म्हणून या झाडांची पानं पातळ, मऊ, उन्हात झपाट्याने अन्न तयार करणारी असतात, आणि सावली पडताच पिवळी पडतात. झालेली कमाई कंदात जाते.

सह्याद्रीतही असा जमिनीखालचा संसार करणारी मंडळी आहेत: रानहळद, सफेद मुसळी, सापकांदा. त्यांना ऊन हवं तेवढं आहे, त्या थांबतात पावसासाठी. आपल्याकडे टंचाई पाण्याची, इथे उजेडाची. आणि हा सापकांदा इथेही भेटतो बरं का! जॅक-इन-द-पल्पिट नावाची त्याच्याच वंशातली वनस्पती वाटेच्या कडेला फणा काढून उभी होती. हिचं एक गमतीदार गणित आहे. कंद लहान असेल तर झाड नर राहतं, कारण पराग बनवायला खर्च कमी. कंद गुबगुबीत झाला की मादी होतं आणि फळं धरतं. फळांनी कंद रोडावला, की पुढच्या वर्षी पुन्हा नर.

अळू-सुरणाच्या या कुळातला इथला खरा अवलिया मात्र आमच्या आधीच फुलून गेला होता. पाणथळीत फक्त त्याची हातभर पानं दिसत होती, चुरगळली की नाक मुरडायला लावणारी. स्कंक कॅबेज. हा फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फातून फूल वर काढतो, आणि आजूबाजूचा बर्फ वितळवतो. फुलोऱ्याचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते ३५ अंश सेल्सिअसने जास्त राहतं, तेही निदान दोन आठवडे, असं १९७४ मध्ये मोजलं गेलंय. कंदातला पिष्ट पदार्थ जाळून ही ऊब तयार होते, आणि त्या काळात हे फूल तेवढ्याच आकाराच्या उष्णरक्ताच्या प्राण्याइतका प्राणवायू ओढतं. आपला सुरण फुलताना घाण वासाबरोबर असाच तापतो, पण त्याला बर्फाशी झुंजायचं नसतं.

ऊन चढल्यावर लेकीने स्वेटर काढून कमरेला बांधला, आणि तेवढ्यात मधमाश्या निघाल्या. थंड सकाळी एक दिसत नव्हती. स्प्रिंग ब्युटी नावाचं नखाएवढं पांढरं फूल पाचोळ्यात सगळीकडे विखुरलेलं होतं, त्याच्या पाकळ्यांवर गुलाबी रेघा, मधाकडे नेणाऱ्या. ढग आले की ही फुलं मिटतात, ऊन आलं की उघडतात. यांचे परागकण गुलाबी असतात. जमिनीत बीळ करून एकेकटी राहणारी एक छोटी माशी आपल्या पिल्लांसाठी फक्त या एका फुलाचे पराग गोळा करते. पायांवर गुलाबी पीठ माखलेली ती माशी मी बराच वेळ वाकून बघितली. कंबरेने नंतर दोन दिवस त्याचा हिशेब मागितला.

डचमन्स ब्रीचेसचं फूल म्हणजे दोरीवर उलटी वाळत घातलेली पिटुकली पांढरी विजार. मध विजारीच्या पायांच्या टोकाला, म्हणजे सगळ्यात वर. तिथवर जीभ पोचते ती भुंग्याच्या राणीची. ही राणी सगळा हिवाळा एकटी मातीत झोपून काढते आणि उठल्या उठल्या तिला भूक लागलेली असते. आखूड जिभेच्या काही माश्या विजारीला बाहेरूनच भोक पाडून मध चोरतात.

ब्लडरूट खसखशीच्या कुळातली. पिवळा धोत्रा मोडला की पिवळा चीक येतो, तसा हिच्या कंदातून केशरी-लाल. पानाची शाल पांघरून कळी वर येते, फूल एक-दोन दिवस टिकतं. थंडीमुळे एकही कीटक आला नाही तर शेवटी ते स्वतःचेच पराग स्वतःला लावून घेतं.

या सगळ्यांना इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘क्षणजीवी’ असा होतो, आणि मला तो मुळीच पटत नाही. ट्राउट लिली बीपासून पहिलं फूल यायला पाच-सात वर्षं सहज घेते. तोवर दरवर्षी ठिपक्यांचं एकच पान वर येतं. शेकडो पानांमध्ये दोन-चार फुलं, असंच तिचं दृश्य असतं. क्षणभर दिसतात म्हणून क्षणजीवी म्हणायचं, तर मग कोकिळेलाही म्हणायला हवं.

बी पसरवायची पद्धतही संथ. ब्लडरूट, ट्राउट लिली, डचमन्स ब्रीचेस, स्प्रिंग ब्युटी यांच्या बीला एक तेलकट गाठ चिकटलेली असते. मुंग्या बी वारुळात नेतात, गाठ पिल्लांना भरवतात आणि बी उकिरड्यावर टाकतात. तिथे ती उंदरांपासून सुरक्षित, वर खतही मिळतं. फक्त मुंगीची मजल दोन-चार मीटरची. म्हणून एकदा नांगरलेली जमीन सोडून दिली, तिथे झाडं परत आली, तरी ही फुलं कित्येक दशकं परतत नाहीत. जंगल जुनं आहे की नाही, हे इथे झाडांपेक्षा जमीन नीट सांगते.

फुलांचा झाडांना काही उपयोग? रॉबर्ट म्युलर आणि हर्बर्ट बोरमन यांनी १९७६ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात ट्राउट लिलीचा अभ्यास करून एक कल्पना मांडली. बर्फ वितळून पाणी वाहायला लागतं तेव्हा झाडांची मुळं अजून सुस्त असतात, आणि मातीतलं नायट्रोजन-पोटॅशियम वाहून जायचा धोका असतो. त्या वेळी ही चिमुकली झाडं ते शोषून धरतात, आणि उन्हाळ्यात त्यांची पानं कुजली की ते मातीला परत मिळतं. एक प्रकारचा हिरवा बंधारा. पुढच्या संशोधनात मातीतल्या सूक्ष्मजीवांचा वाटा याहून बराच मोठा दिसला, त्यामुळे बंधाऱ्याची भिंत जरा खाली आली. तरी मला कल्पना आवडते.

हरणं इथे फार झालीत आणि ती ही फुलं चरतात. युरोपातून बागेसाठी आणलेली लेसर सेलँडाइन नदीकाठ पिवळा करत सुटली आहे. पुराच्या पाण्याबरोबर तिच्या गाठी खाली वाहत जातात आणि जिथे थांबतील तिथे रुजतात. तिच्या गालिच्याखाली ब्लूबेलला जागा उरत नाही.

पण याहून अवघड गोष्ट उजेडाचीच आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी हेन्री डेव्हिड थोरो या निसर्गलेखकाने १८५० च्या दशकात कोणत्या फुलाला कधी बहर आला, कोणत्या झाडाला कधी पान फुटलं, हे वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. त्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर हवा तापल्यामुळे रानफुलं साधारण आठवडाभर लवकर येऊ लागली आहेत. झाडांची पालवी मात्र जवळजवळ दोन आठवडे लवकर येते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा की उजेडाची खिडकी दोन्ही बाजूंनी सरकली, पण बंद होणारी बाजू जास्त सरकली.

मेच्या अखेरीस आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. या वेळी वर बघायला भरपूर होतं. पॉपॉची पानं आडव्या हातांसारखी पसरली होती. हे झाड सीताफळाच्या कुळातलं, एप्रिलमध्ये त्याची तपकिरी-लाल फुलं मी उघड्या फांद्यांवर पाहिली होती. खाली गर्द सावली, ब्लूबेलची पानं आडवी पडून पिवळी झालेली. ब्लडरूटची एक शेंग उकललेली दिसली. एक काळी मुंगी तिच्यातलं बी मागे मागे ओढत कुजक्या ओंडक्याखाली चालली होती. मध्ये एक काटकी आडवी आली, तेव्हा बी सोडून ती पलीकडे जाऊन वाट बघून आली, आणि परत येऊन ओढायला लागली.