लुकलुकणं वेगळं, थरथरणं वेगळं

धुळ्याकडच्या आमच्या गावी एप्रिल तापला की जेवणं आटोपून अंथरुणं धाब्यावर जातात. पडल्या पडल्या भाच्याने पश्चिमेला कललेल्या व्याधाकडे बोट दाखवलं, "मामा, हाऊ तारा थरथरी ऱ्हायना का?"

प्रश्न मोलाचा होता, कारण सूर्यासारखे तारे खरंच थरथरतात. पण त्याला दिसत होतं ते लुकलुकणं.

लुकलुकणं आपल्या हवेचं. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब सोडते, गरम-गार हवा घुसळत राहते आणि ताऱ्याचा बारीक किरण त्यातून येताना सेकंदाला कित्येकदा हलतो. क्षितिजाकडे हवेचा थर जाड, म्हणून तिथे जास्त. व्याधाच्या अंगावर त्यातलं काहीच घडत नसतं.

थरथरणं ताऱ्याचं स्वतःचं. सूर्याच्या वरच्या थरात वायू खदखदतो, त्यातून ध्वनिलहरी उठतात, आतच कोंडतात आणि अख्खा गोळा घंटेसारखा घुमतो. सूर्याचा एक हेलकावा साधारण 5 मिनिटांचा. तांबड्या राक्षसी ताऱ्यांचा कित्येक तासांचा, कधी दिवसांचाही. पण सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश त्याने बदलतो दहा लाखांत जेमतेम काही भाग. हवेच्या लुकलुकण्यात एवढासा फरक बुडून जातो. म्हणून 2009 मध्ये अवकाशात गेलेल्या केपलर दुर्बिणीचं मला फार अप्रूप आहे.

तिचं मुख्य काम ग्रह शोधायचं. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. त्यावरून ग्रह ताऱ्याच्या कितव्या हिश्शाएवढा ते कळतं, किती किलोमीटरचा ते नाही. तारा आधी धरला त्याहून 10 टक्के मोठा निघाला, तर ग्रहही तेवढाच फुगतो. त्याचं वस्तुमान तेच धरलं, तर घनता पाव हिश्शाने उतरते आणि ग्रह खडकाचा की नाही, हा निकालच डळमळतो. इथे थरथर कामाला येते. तिच्या लयीतून ताऱ्याची सरासरी घनता मिळते, तापमानाची जोड दिली की त्रिज्याही. केपलर-10 हा तारा असाच मापला, आणि त्याचा एक ग्रह पृथ्वीच्या साधारण दीडपट रुंद व खडकाळ असल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं.

लयीतून वयही निघतं. केपलर-444 भोवती पृथ्वीहून लहान असे 5 ग्रह आहेत आणि तो तारा सुमारे 11.2 अब्ज वर्षांचा आहे. आपला सूर्य जन्मला, तेव्हाच त्याने सहा अब्जांहून जास्त वर्षं पाहिली होती. हे ऐकल्यावर भाचा उठूनच बसला.