जीएसटी नंबर आणि बिल: छोट्या धंदेवाल्यांचा अर्ज कुठे अडतो

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर, किंवा फक्त माल विकणाऱ्याची ४० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. उलाढाल पॅनवर मोजतात. डिझाइनचे काम आणि भाड्याने दिलेला गाळा एकाच पॅनवर असेल तर दोन्हींची बेरीज धरायची.

राज्याच्या सीमेलगतच्या रावेर, शिरपूर, नवापूरकडच्यांना हा ४० लाखांचा आकडा फसवतो. ताज्या केळीवर कर नाही, पण केळीचे वेफर्स करपात्र आहेत. ते मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या दुकानदाराला विकले की माल दुसऱ्या राज्यात गेला, आणि तिथे ४० लाखांची सूट चालत नाही. पहिल्या बिलापासूनच नोंदणी सक्तीची. सेवेचे तसे नाही: सुरतच्या व्यापाऱ्याची वेबसाइट करून देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सूट आहेच.

मर्यादा ओलांडल्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. ‘मार्च संपल्यावर बघू’ म्हणणारे इथेच अडकतात. डिसेंबरात २० लाख पार झाले तर मुदत जानेवारीतच संपते. उशीर झाला तर नंबर मंजुरीच्या तारखेपासून मिळतो आणि मधल्या काळातला कर खिशातून जातो.

अर्ज ऑनलाइन आहे, सरकारी फी शून्य. पॅन, आधार, फोटो सगळ्यांकडे असतात. नसतो तो जागेचा पुरावा. घरातूनच काम चालते आणि वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने येते. आता जागा वापरायचे संमतिपत्र कोण देणार? आधी वारस नोंद करून घ्या. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या आकारणीचा उतारा), शहरात घरपट्टीची पावती हयात माणसाच्या नावावर आणा. जागा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचे साध्या कागदावरचे संमतिपत्र, ओळखपत्र आणि ती पावती जोडा. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाची घरपट्टीची पावती. करार नोंदणीकृत नसेल तर मालकाचे ओळखपत्रही. पावतीवर ‘पाळधी बु.’ आणि अर्जात नुसते ‘पाळधी’, एवढ्यावरही अर्ज परत येतो. पत्ता अक्षरन् अक्षर जुळवा.

स्वतःच्या जागेला वीजबिल किंवा घरपट्टीची पावती यांतला एकच कागद पुरे, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ च्या सूचना क्र. ०३/२०२५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना लिहून कळवले आहे. तरी दुसरा मागतातच. उत्तरात हा क्रमांक द्या, वाद घालत बसू नका.

सगळ्यात जास्त अर्ज मरतात ते नोटिशीला उत्तर न दिल्याने. नेट कॅफेवाला अर्जात स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतो. शंका काढणारी नोटीस (आरईजी-०३) त्याच्या मेलवर पडून राहते आणि उत्तराचे सात कामकाजाचे दिवस निघून जातात. मोबाइल, ईमेल आपलाच द्या. अर्ज क्रमांक लिहून ठेवा, जीएसटी पोर्टल दोन दिवसांआड उघडून बघा.

नंबर मिळाला की ३० दिवसांत, आणि पहिले जीएसटीआर-१ (विक्रीचे रिटर्न) भरण्याआधी, बँक खाते जोडा. नाहीतर नोंदणी स्थगित होते. नोंदणी लागू झाल्यापासून प्रमाणपत्र मिळेपर्यंत साधी बिले दिली असतील तर प्रमाणपत्राच्या तारखेपासून महिन्याच्या आत त्यांची सुधारित बिले देता येतात.

बिलावर दोघांचे नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर, तारीख, एचएसएन (मालाचा कोड) किंवा सेवेचा कोड, कराआधीची रक्कम, दर, कर आणि सही हवी. बिल क्रमांक सलग, १६ चिन्हांच्या आत, वर्षात पुन्हा न येणारा. रद्द केलेल्या बिलाचा नंबर दुसऱ्या बिलाला देऊ नका. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) निम्मे-निम्मे लावा. परराज्यातल्या नोंदणीकृत गिऱ्हाइकाला माल पाठवला किंवा सेवा दिली तर आयजीएसटी (आंतरराज्य कर). गिऱ्हाइकाचा नंबर २७ ने (महाराष्ट्र) सुरू होतो की २४ ने (गुजरात), ते आधी पाहा. चुकले तर त्याचे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) अडते आणि तो तुमचे पैसे अडवतो. सेवेचे बिल काम झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचे.

नंबर नसेल तर बिलात जीएसटी लावूच नका, तसा कर वसूल करणे बेकायदा आहे. नंबर असेल आणि महिनाभर एकही बिल निघाले नाही, तरी शून्याचे रिटर्न भरायचेच. न भरल्यास दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढत राहते.